क्रॅडॉकसाहेबांचा तहकूब डाव

शालन गेली त्याला आता आठ महिने झाले. आधी मी जायचं असं आमचं ठरलेलं होतं, कारण मला साधा भात लावता येत नाही आणि तिला सगळं येत होतं. ठरलेलं तिनं पाळलं नाही. मुलगा म्हणतो, पप्पा, लिहून काढा, बरं वाटेल. बरं काही वाटत नाही. पण सकाळी उठून करायचं काय? रेगेन्सबर्गला या दिवसांत सात वाजले तरी उजाडत नाही. नात शाळेत जाते, सून कॉम्प्युटरपुढं बसते, मुलगा गाड्यांच्या कारखान्यात जातो, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी वही घेऊन बसतो. मी सातवी पास. त्यापुढं जे शिकलो ते लेथवर शिकलो. तेव्हा ज्याला शुद्धलेखन बघायचंय त्यानं इथंच थांबावं.

आधीचं सगळं सोडून देतो. सांगलीकडचं गाव, पुण्यातला कारखाना, त्या कारखान्यानं सहा टर्नर निवडून जर्मनीला धाडले, त्यातला मी एक, एवढं पुरे. वर्षानं सुट्टी काढून गेलो, लग्न केलं आणि शालनला घेऊन आलो. मी तेवीस वर्षांचा होतो, ती एकोणीस. मी स्वतःला फार शहाणा समजत होतो. मिशी होती, घड्याळ होतं, आणि कारखान्यातली जर्मन बोलता येत होती. शालनला जर्मनचं ओ की ठो कळत नव्हतं. दुकानदार असो, शेजारीण असो, आउसलेंडरबेहोर्डमधला, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीतला, परवान्यावर शिक्का मारणारा साहेब असो, तिचं बोलणं माझ्या तोंडातून बाहेर पडायचं आणि बाहेरचं बोलणं माझ्या तोंडातून तिच्याकडं जायचं. मला ते आवडत होतं. खोटं कशाला सांगू.

आम्ही राहायचो ते घर नदीपलीकडं, दगडी पुलापासून चालत दहा मिनिटांवर. घर फ्राउ हूबरचं. नवरा लढाईत गेलेला, मूलबाळ नाही, अंगानं भक्कम आणि आवाजानं त्याहून. खाली ती, मधल्या मजल्यावर आमची एक खोली, आणि छपराखालच्या तिरप्या खोलीत एक इंग्रज. स्वयंपाकघर एकच, तळमजल्यावर, तिघांत मिळून. जिन्यात नियमांचा कागद लावलेला होता: दुपारी बारा ते दोन आवाज करायचा नाही, रविवारी कपडे वाळत घालायचे नाहीत, शनिवारी जिना पुसायची पाळी कुणाची. शालनच्या फोडणीबद्दल त्या कागदावर काही नव्हतं, म्हणून फ्राउ हूबरनं खाली पेन्सिलीनं एक ओळ वाढवली. लसूण फक्त खिडकी उघडी असताना. बाहेर बर्फ पडत असायचं आणि आमची खिडकी सताड उघडी, शालन माझा जुना ओव्हरकोट घालून फोडणी देतेय, हे चित्र मला आजही दिसतं. नाक लाल झालेलं, डोळ्यांत पाणी, कांद्याचं का थंडीचं का माहेरचं, ते मी कधी विचारलं नाही.

गावाबाहेर साखर कारखाना होता. ऊस नाही, बीट. ऑक्टोबर लागला की चिमणी सुरू व्हायची आणि वारा तिकडून असला की सगळ्या गावाला एक उकडलेला, गोडसर वास. पहिल्या वर्षी तो वास आला तेव्हा शालन हातातलं काम टाकून जिन्यात धावली. "अहो, गळीत सुरू झालं!" मग दोन मिनिटं हुंगून म्हणाली, "नाही. चिखल शिजवतायत मेले." पण रोज संध्याकाळी खिडकीत उभी राहून तो चिखलाचा वास घ्यायचीच. आता तो कारखाना बंद पडला. परवा मी नातीला सांगितलं की इथं साखरेचा वास यायचा, तर ती म्हणाली, "एश्ट?" खरंच का, एवढंच. पोरीला मराठी सगळी समजते, उत्तर जर्मनमध्ये देते. तिची आजी तिला ओरडायची नाही. म्हणायची, बोलतेय ना स्वतःच्या तोंडानं, मग झालं.

आता त्या इंग्रजाबद्दल. क्रॅडॉक त्याचं नाव. वय पंचेचाळीसच्या आसपास, उंच, पाठीत वाकलेला, अंगाला ओल्या लोकरीचा आणि पाइपचा वास. धंदा काय, तर बुद्धिबळ. माझा आधी विश्वास बसला नाही. माणूस बुद्धिबळ खेळून जगतो? तो म्हणाला, "जगत नाही, हेर बाबर. पण मरतही नाही." बाबर म्हणजे मी. बाप इंग्लंडात मोजे विणायच्या कारखान्यात होता. पोरगा सोळाव्या वर्षी देशातल्या मोठमोठ्यांना हरवायला लागला, पेपरात फोटो आला. एकदा जगज्जेत्याशी खेळून त्यानं डाव बरोबरीत सोडवला होता. त्या बातमीचं कात्रण पाकिटात, घड्या पडून मधे भोक पडलेलं. विमा कंपनीतली नोकरी सोडली, ठरलेलं लग्न मोडलं, आणि वीस वर्षं आगगाडीनं युरोपभर हिंडत बसला. इंग्लंडात जिंकलं की हातात हात आणि कपभर चहा मिळतो, जर्मन क्लब निदान खोलीचं भाडं देतो, म्हणून इथं. शनिवारी क्लबात पोरांना शिकवायचा, रविवारी क्लबासाठी खेळायचा, आणि आठवडाभर वर पटापुढं. त्याचं डावाचं घड्याळ आमच्या डोक्यावर टिकटिक करायचं. तो मास्टर होता, ग्रँडमास्टर नव्हता. ती पदवी मिळायला मोठ्या टूर्नामेंटमध्ये ठरावीक गुण दोनदा मिळवावे लागत. एकदा त्यानं मिळवले होते. दुसऱ्यांदा तीन वेळा अर्ध्या गुणानं हुकले होते. फ्राउ हूबर जिन्यातून ओरडायची, "हेर क्रॅडॉक, अर्ध्या गुणावर माझं छप्पर गळायचं थांबत नाही, बादली रिकामी करा!"

मी पहिल्याच आठवड्यात त्याला सांगून टाकलं होतं की सांगलीकडं आम्ही सगळे बुद्धिबळ खेळतो आणि आमच्या पेठेत मला कुणी हरवत नसे. त्यानं मला अकरा चालींत मात दिली. परत मांडला, चौदा चालींत. तिसऱ्यांदा मी पोट दुखतंय म्हणालो. शालन तेव्हा पीठ मळत होती. राई नावाच्या इथल्या धान्याच्या काळ्या पिठाची भाकरी करायचा तिचा प्रयोग चालला होता, भाकरी दर वेळी तव्यावर भेगाळायची आणि ती न चुकता परत थापायची. ती माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "अहो, चौथ्या चालीला उंट कशाला बाहेर काढला?" मी गप्प बस म्हणालो. मग कळलं, माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिला शिकवलं होतं. सासरे देवळाच्या ओट्यावर खेळणारे, गावोगावचे लोक त्यांच्याशी खेळायला येत. पोरीला घरात शिकवलं आणि बाहेर सांगू नको म्हणून बजावलं. बुद्धिबळ खेळणारी बायको कुणी करून घेणार नाही म्हणून. मी करून घेतली होती, न कळता.

क्रॅडॉकनं तिची मान पटाकडं वळलेली बघितली आणि समोरची खुर्ची ओढली. ती पिठाच्या हातानंच बसली. वीस चालींपर्यंत तो हसत नव्हता. मग तिनं एकदम राजा उचलला आणि घोड्यासारखा अडीच घरं उडवून कोपऱ्यात नेऊन ठेवला. आमच्या देशी खेळात राजाला शह लागायच्या आधी एकदा अशी उडी असते. प्यादं एकच घर चालतं. आणि प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्याच्या रांगेत पोचलं तेच होतं: हत्तीच्या रांगेत हत्ती, घोड्याच्या रांगेत घोडा. यांच्याकडं प्यादं पोचलं की जे मागाल ते, म्हणून सगळे वजीरच मागतात. राजा उडालेला बघून क्रॅडॉक खो खो हसायला लागला, टेबलावर थापा मारून. फ्राउ हूबर पण हसली. शालन पण हसली. माझे कान तापले. खोलीत गेल्यावर मी तिला झापली. "गावठी नियम या लोकांसमोर दाखवायचे नाहीत. हसतात ते आपल्याला." ती म्हणाली, "ते तसे हसले नाहीत हो." मी म्हटलं, "तुला काय कळतं, तुला त्यांची भाषा येते का?" येणार कुठून.

पण तो रोज बसायचा तिच्यापुढं. तिनं त्याचे नियम आठ दिवसांत उचलले. राईची भाकरी तो इथल्या गोड मोहरीत बुडवून खायचा आणि "गूट, गूट" म्हणायचा, ती त्याला "वरचे" म्हणायची. वरचे आले नाहीत अजून, वरच्यांना भाकरी ठेवा. त्यांच्यात बोलणं नव्हतंच. तो प्यादं सरकवायचा, ती भुवई उडवायची, तो कपाळावर हात मारायचा. मी कारखान्यातून यायचो तर दोघं तसेच बसलेले, भाजी चुलीवर, खिडकी उघडी. ती त्या घरात पहिल्यांदा रमली ती तेव्हा. मला तेही खुपायचं, आणि हे लिहायला मला पन्नास वर्षं लागली.

त्या हिवाळ्यात गावातच टूर्नामेंट झाली, जिमखान्याच्या हॉलमध्ये. क्रॅडॉक असा खेळला की क्लबातले लोक जिना चढून त्याला बघायला यायला लागले. शेवटचा डाव उरला. जिंकला तर पदवी. बरोबरी झाली तर परत अर्ध्या गुणानं मागं. संध्याकाळपर्यंत डाव संपला नाही, तहकूब झाला. तेव्हा पद्धत अशी होती की ज्याची पाळी असेल त्यानं आपली पुढची चाल पटावर न खेळता कागदावर लिहायची, पाकिटात बंद करून पंचाकडं द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पाकीट फोडून पुढं खेळायचं. तोवर घरी बसून डोकं खाजवायला दोघांनाही मोकळीक. क्रॅडॉकनं चाल लिहून दिली होती. आता त्यापुढचं शोधायचं होतं.

सकाळी मी सुट्टीवर. दुपारी दोनला डाव सुरू होणार. तो स्वयंपाकघरात पट घेऊन बसला, दाढी न करता, आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मांडत होता. सहा-सात चालींनंतर त्याचं एक प्यादं घोड्याच्या रांगेत शेवटच्या घरात पोचत होतं. वजीर घेतला की समोरचा हत्तीनं शह देत सुटायचा, शहावर शह, संपतच नाहीत, बरोबरी. तो मोडायचा, परत मांडायचा, परत तिथंच. मला समजावून सांगत होता, म्हणजे भिंतीलाच सांगत होता. "इथं काहीतरी असलं पाहिजे, हेर बाबर. तीस वर्षं खेळतोय मी. मला वास येतो. इथं आहे, आणि मला दिसत नाही."

शालन बटाटे सोलत उभी होती. सुरी हातात तशीच धरून ती म्हणाली, "अहो, त्यांना सांगा, तिथं घोडा होतो."

मी म्हटलं, "काय?"

"घोड्याच्या घरात आलंय ना प्यादं? घोडा होतो तिथं. वजीर नाही. घोडा झाला की जागच्या जागी शह बसतो, आणि पुढच्या उडीत तो हत्ती जातो. सांगा की."

मी पट बघितलाच नाही. माझ्या डोक्यात एकच आलं, ही आपल्या देशी नियमानं बोलतेय, आणि आज, या माणसाच्या आयुष्याच्या दिवशी, ही आपलं हसू करणार. इकडं क्रॅडॉकनं मान वर केली. "वास झाग्ट झी?" काय म्हणतेय ती?

मी म्हणालो, "विचारतेय, चहा घेणार का."

"या, बिटं," तो म्हणाला, म्हणजे हो, द्या. "टे, या." आणि परत पटात डोकं घातलं.

टे म्हणजे चहा, एवढं शालनला कळत होतं. किराण्याच्या डब्यावर लिहिलेलं असायचं. ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. एखादं भांडं गळतंय का ते उजेडाला धरून बघावं तसं. मग सुरी ठेवली, आधण ठेवलं, आलं ठेचून चहा केला आणि त्याच्यापुढं कप ठेवला. दीड वाजता तो गेला. जाताना कप संपवून गेला.

पाचच्या सुमारास फाटकाचा आवाज झाला. फ्राउ हूबरनं केक करून ठेवला होता, तिनं त्याचा चेहरा बघितला आणि केक परत कपाटात ठेवला. बरोबरी. त्यानं ओला कोट न काढता पट मांडला. सवयच ती. प्यादं शेवटच्या घरात नेलं, वजीर ठेवला, शह, शह, शह, आणि हात पसरले. शालन ओट्यापासून आली. हात पुसले. वजीर उचलून बाजूला ठेवला आणि तिथं घोडा ठेवला. मग समोरच्याचा राजा एक घर हलवला, त्याला दुसरीकडं जागाच नव्हती, आणि घोड्यानं हत्ती उचलला.

क्रॅडॉक बघत होता. मग त्यानं माझ्याकडं नाही, तिच्याकडं बघून विचारलं, "वान?" कधी? ती जर्मनमध्ये बोलणार नाही हे त्यालाही माहीत होतं. पण हा शब्द फ्राउ हूबर तिला रोज विचारायची, ब्रेड आणला की. ब्रेड कधीचा? आजचा का कालचा? शालन म्हणाली, "गेस्टर्न नाही." आणि बोट खाली दाखवलं, टेबलाकडं, सकाळी कप होता त्या जागेकडं. "हॉयटं. टे."

काल नाही. आज. चहा.

त्यानं डोळे मिटले. मी वाट बघत होतो. त्यानं मला शिवी दिली असती, थोबाडीत मारली असती, तर मी आज हे लिहायला बसलो नसतो. तो उठला, शालनपुढं जरासा वाकला, दरबारात वाकतात तसा, आणि मला म्हणाला, "तिला सांगा, तिचं बरोबर आहे." मी सांगितलं. शालन म्हणाली, "ते मला माहितेय." हे मी त्याला सांगितलं नाही, पण त्याला कळलं असावं, तो थोडा हसला. मग जिना चढून गेला, आणि त्या आठवड्यात वरचं घड्याळ वाजलं नाही.

आमच्या खोलीत शालननं एकदाच विचारलं. "मी चहाच विचारला होता का हो?" मी भिंतीकडं तोंड करून पडलो. मी तेव्हा माफी मागितली नाही. नंतरही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी खाली गेली आणि फ्राउ हूबरपुढं एक बटाटा धरून उभी राहिली. "कार्टोफल," फ्राउ हूबर म्हणाली. मग कांदा. मग सुरी. मग खिडकी, बर्फ, नवरा. दोन वर्षांत ती अशी बोलायला लागली की बाजारातल्या बाया तिला कुठल्या खेड्यातली म्हणून विचारायच्या, इथल्याच कुठल्या तरी. पुढं तिनं बालवाडीत नोकरी केली, पंचवीस वर्षं. माझ्या तोंडाची गरज तिला परत कधी पडली नाही. उलट कारखान्याच्या आवाजानं माझे कान गेले तसं मीच तिच्या मागं उभा राहायला लागलो, दवाखान्यात, बँकेत, दुकानात, आणि ती मागं वळून मला मराठीत सांगायची, कोण काय म्हणालं ते. सगळं सांगायची. एक शब्द गाळायची नाही.

क्रॅडॉक पुढच्या उन्हाळ्यात इंग्लंडला परत गेला, समुद्राकाठच्या एका गावात शाळेतल्या पोरांना शिकवायला. पदवी मिळाली नाही. स्टेशनवर पोचवायला मी गेलो होतो, त्याची ट्रंक जड होती म्हणून. गाडी हलताना त्यानं खिडकीतून हात बाहेर काढला. "हेर बाबर, तो चहा मात्र चांगला होता." मला आजही कळलेलं नाही की मी हसायला हवं होतं का. पुढं बरीच वर्षं शालनला त्याची पोस्टकार्डं येत, एका कार्डावर एक चाल. खेळत होते ते देशी नियमांनी, तिच्या. त्यानंच तसं मागितलं होतं. एक दिवस कार्ड यायचं थांबलं, आणि तिनं खिडकीतला पट आवरून ठेवला.

मला ते घर हवंय. उघडी खिडकी हवी, लसणाचा वास, वरची टिकटिक, ओव्हरकोटातली ती. तेवीस वर्षांचा मी नको, तो राहू दे तिकडंच. परवा मी मुलाला गाडीतून तिकडं न्यायला लावलं. घर आहे. रंग बदललाय. खिडकीला तीन पदरी काच आहे आणि ती घट्ट बंद आहे. मुलगा म्हणाला, "चला पप्पा, इथं पार्किंग नाही."

आणि आता फेब्रुवारीचं. ते लिहिल्याशिवाय हे संपत नाही. हॉस्पिटलात डॉक्टरीण आली, तरणी पोरगी, तोंडाला मास्क. शालनच्या पलंगावर बसली, तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ हळू आवाजात बोलली. कारखान्यातली जर्मन मला येते, डॉक्टरची येत नाही, आणि मास्कमागून तर काहीच ऐकू येत नाही. शालन मधूनमधून मान हलवत होती. "गेनाऊ," म्हणाली एकदा, म्हणजे बरोबर. डॉक्टरीण उठली, माझ्या खांद्याला हात लावून गेली.

मी विचारलं, "काय म्हणाली गं?"

शालननं माझ्याकडं बघितलं. नीट बघितलं, उजेडाला धरून.

"विचारत होती, चहा घेणार का."

मला काही आठवलं नाही. पन्नास वर्षांपूर्वीचं माझंच वाक्य समोर आलं आणि मी ओळखलं नाही. मी विचारलं, "मग काय सांगितलंस?" ती म्हणाली, "हो म्हटलं. आणा जावा." मी कॉरिडॉरमधल्या मशीनमधून दोन कप घेऊन आलो, खूश होऊन, आज हिला काहीतरी प्यावंसं वाटतंय म्हणून. डॉक्टरीण खरं काय म्हणाली, आता उपाय उरला नाही, हे मुलानं मला सांगितलं ते चार दिवसांनी. मी चहा आणला त्या वेळी दोन दिवस झाले होते, तिच्या पोटात पाण्याचा घोट ठरत नव्हता. तो चहा तिनं पूर्ण प्यायला, आणि कप उलटा करून मला दाखवला.